फ्रीजमधल्या किल्ल्या

किर्यात गातमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट
मसूदाबाईंनी एकोणीस दिवस आम्हाला दिला.
भाडं घेतलं नाही. अट एकच:
मी स्वयंपाकघरातून हलणार नाही.

मी आवाजाचा माणूस. मला आधी ऐकू आला त्यांचा फ्रीज,
म्हातारा, दमेकरी, दर अकरा मिनिटांनी कण्हणारा.
शॉटच्या आधी मी त्याचा प्लग काढायचो
आणि गाडीच्या किल्ल्या आत ठेवायचो, वांग्यांशेजारी.
आमच्या धंद्यातला जुना तोडगा:
किल्ल्यांवाचून घरी जाता येत नाही,
म्हणून दुसऱ्याचं दूध नासू नये हे लक्षात राहतं.
दोनदा नासलंच.
त्या दोन्ही रात्री तिर्झाने मला तिच्या गाडीतून सोडलं होतं.

गोष्ट साधी. आई गेलीय. दोन भाऊ
सात दिवसांच्या सुतकात, झाकलेल्या आरशांसमोर
बुटक्या स्टुलांवर बसून
तिचे डबे कोणी न्यायचे यावर भांडतात.
भांडत नाहीत खरं तर, गप्प बसतात.
तिर्झाने संहितेत पानंच्या पानं कोरी सोडली होती.
कागदाचे तरी पैसे वाचव, निर्माता म्हणाला.
निर्माता म्हणजे तिचाच मेहुणा, टाइल्सच्या दुकानवाला.

धाकटा आईच्या चपला पिशवीत घालतो
आणि परत काढतो, त्या टेकला
आत मसूदाबाई खोकल्या.
एकदा. मग दाबलेलं अर्धं.
मी हात वर केला.
तिर्झा मॉनिटरकडे बघत राहिली. त्या नटाने
दाराकडे मान वळवली होती,
घरात कोणी असलं की वळवतात तशी.
"राहू दे," ती म्हणाली.

टेक सहामध्ये भोंगा आहे. तोही माझ्याकडे आहे,
आणि जिन्यात धावलेली सगळ्यांची पावलं,
आणि मसूदाबाईंचं "गॅस बंद केला का कोणी?"
हे चित्रपटात नाही.

टार्टूत नोव्हेंबर. बिअरच्या जुन्या कारखान्यात थिएटर,
दोनशे खुर्च्या, त्रेचाळीस माणसं, मांडीवर ओले कोट.
दाराशी एक मुलगा पत्रकं वाटत होता: हा चित्रपट पाहू नका.
हातमोजे नव्हते त्याला. तिर्झाने पत्रक घेतलं,
नीट चार पदरी घडी घातली.
रात्रभर तिच्या खिशातला तो कागद
मला ऐकू येत होता.

चपलांपर्यंत सात जण उठून गेले.
प्रत्येक खुर्चीचा आवाज वेगळा.
मग खोकला आला,
आणि अंधारात, तिसऱ्या रांगेत,
कोणीतरी ओ दिल्यासारखं खोकलं.

नंतर एकाने विचारलं, यात युद्ध कुठे आहे?
तिर्झा बराच वेळ गप्प. दुभाषी माइक धरून ताटकळली.
"जिन्यात," तिर्झा म्हणाली.
दुभाषीने "शिडीवर" असं काहीतरी सांगितलं असावं;
लोकांनी माना डोलावल्या, लिहून घेतलं.

परीक्षकांनी विशेष उल्लेख दिला: काचेचा ठोकळा, आत एक बुडबुडा.
एका समीक्षकाने लिहिलं, पडद्याबाहेरचा तो खोकला
म्हणजे मृत आईचं अदृश्य अस्तित्व,
दिग्दर्शिकेचा सर्वांत धाडसी निर्णय.
दुसऱ्याने लिहिलं, ध्वनिमुद्रण ढिसाळ.
दोघांचंही बरोबर आहे.

हॉटेलातून मी मसूदाबाईंना फोन लावला.
"बक्षीस मिळालं?"
"अर्धं."
"लोक काय म्हणाले?"
"तुम्ही छान खोकलात."
पलीकडे कोणीच बोलेना. त्या शांततेत
माझा जुना ओळखीचा कण्हत सुरू झाला.
मी नकळत खिसा चाचपला.

"त्या आईचं नाव काय ठेवलं होतं?"
चित्रपटभर ते कोणी घेत नाही.
संहितेतही नव्हतं.
तसं मी सांगितलं.

"मग माझं लावा," त्या म्हणाल्या,
"आणि दुधाचे अठरा शेकेल राहिलेत."